फ्लॅटमधली शेवंती: पहिल्या कळीपासून शेवटच्या फुलापर्यंत

ऑक्टोबर लागला की नागपुरातल्या बागप्रेमींमध्ये एक तक्रार ठरलेली असते. शेवंती छान हिरवीगार आहे, पानं तळहाताएवढी झाली आहेत, पण कळीचा पत्ता नाही. मग कुणी शेणखत सुचवतं, कुणी केळीच्या साली, कुणी कांद्याचं पाणी. माझं मत अगदी सरळ आहे. दहापैकी आठ वेळा त्या झाडाला खत कमी पडलेलं नसतं, अंधार कमी पडलेला असतो. खाली सोसायटीचा हॅलोजन, समोर रस्त्यावरचा पांढराशुभ्र एलईडी आणि घरात रात्री साडेअकरापर्यंत चालणारा टीव्ही. एवढ्या उजेडात शेवंतीला रात्र झाल्याचं कळतच नाही.

हा लेख पहिल्यांदाच घरात, बंद गॅलरीत किंवा दिव्याखाली शेवंती फुलवू पाहणाऱ्यांसाठी आहे. फुटवे लावण्यापासूनची सगळी कथा मी इथे सांगणार नाही. तुमच्याकडे सात-आठ इंची कुंडीत वाढलेलं, चार-सहा फांद्यांचं निरोगी झाड आहे असं धरून चालतो. प्रश्न पुढचा आहे: आता त्याला फुलोऱ्यात कसं आणायचं, आणि आल्यावर कसं टिकवायचं.

आधी झाडाचं गणित समजून घ्या

शेवंती हे लहान दिवसाचं झाड आहे. दिवस लहान आणि रात्र मोठी झाली की ते पानं वाढवणं थांबवून कळ्या धरायला लागतं. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोघांनी १९२० साली तंबाखू आणि सोयाबीनवरच्या प्रयोगांतून दिवसाच्या लांबीचा हा परिणाम मांडला. पुढे लक्षात आलं की झाड खरं तर दिवस मोजत नाही, सलग अंधार मोजतं. ‘सलग’ या शब्दावर सगळं अडलेलं आहे. बारा-तेरा तासांची रात्र मधोमध थोडा वेळ जरी उजेडाने तोडली, तरी झाडाच्या दृष्टीने त्या दोन छोट्या रात्री होतात आणि कळीचा विचार पुढे ढकलला जातो.

हा उजेड ओळखणारं रंगद्रव्य पानांत असतं आणि ते लाल प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील आहे. म्हणून हॉलच्या कोपऱ्यातल्या देवघरात रात्रभर जळणारा लाल झिरो बल्ब आणि त्याच्या शेजारीच ठेवलेली शेवंती ही जोडी जमत नाही. देवाचा दिवा काढा असं म्हणत नाही, कुंडी हलवा.

नागपूर साधारण २१ अंश अक्षांशावर आहे. जूनच्या शेवटी इथला दिवस जवळपास साडेतेरा तासांचा असतो, सप्टेंबरच्या सुरुवातीला साडेबारा, ऑक्टोबरच्या मध्यात पावणेबारा आणि डिसेंबरच्या शेवटी पावणेअकरा. सूर्य उगवण्याआधीचा आणि मावळल्यानंतरचा संधिप्रकाशही झाडाला दिवसच वाटतो, म्हणून त्यात अर्धा-पाऊण तास मिळवा. उघड्या शेतात शेवंती सप्टेंबरमध्ये हळूहळू कळीला लागते आणि नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत फुलते. मार्गशीर्षातल्या गुरुवारांना बर्डीच्या नेताजी फूल मार्केटमध्ये शेवंतीचे ढीग दिसतात ते म्हणूनच. घरातल्या झाडाला हे वेळापत्रक आपोआप मिळत नाही, आपल्याला ते द्यावं लागतं.

तारीख ठरवा आणि उलटी मोजणी करा

मोठी रात्र सुरू केल्यापासून, म्हणजे रोज तेरा तास सलग अंधार द्यायला लागल्यापासून, फूल उमलायला बहुतेक जातींना सात ते दहा आठवडे लागतात. ठोकळ हिशेब असा: तीन-चार आठवड्यांत शेंड्यावर बारीक कळ्या दिसतात, सहा-सात आठवड्यांत कळीच्या टोकाला रंग दिसतो, त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत पूर्ण फूल. दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात असेल तर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच काम सुरू झालं पाहिजे. दसऱ्याला फुलं हवी असतील तर ऑगस्टमध्येच सुरुवात करावी लागेल, आणि खरं सांगायचं तर नवख्यांनी त्या फंदात पडू नये. का, ते उष्णतेच्या भागात येईलच.

मोठी रात्र सुरू करण्याच्या दोन आठवडे आधी शेवटचा शेंडा खुडून घ्या. त्यानंतर खुडणी बंद. कळी धरायच्या वेळी शेंडे खुडत बसलात तर झाड पुन्हा पहिल्या पायरीवर जातं. कुंडी बदलायची असेल तर तीही याआधीच. फुलोऱ्यात मुळांना हात लावायचा नाही.

एक गोष्ट अजून. झाड अगदीच लहान, चार-पाच पानांचं असेल तर त्याला घाईने अंधारात टाकू नका. कळ्या येतील, पण दोन-तीनच, आणि वीतभर काडीवर एखादं फूल घेऊन उभं राहिलेलं झाड केविलवाणं दिसतं.

रात्र बांधा

संध्याकाळी सहा ते सकाळी सात, तेरा तास. हे वेळापत्रक बहुतेक घरांत जमतं. तुमचं घर उशिरा झोपणारं आणि उशिरा उठणारं असेल तर रात्री आठ ते सकाळी नऊ करा. झाडाला घड्याळाशी देणंघेणं नाही, तासांशी आहे. फक्त एकदा ठरवलेली वेळ रोज तीच ठेवा.

अंधार कसा द्यायचा, याचे तीन मार्ग आहेत. सगळ्यात सोपा आणि मला सगळ्यात आवडणारा: अडगळीची खोली, किंवा न वापरातलं बाथरूम. कुंड्या चाकाच्या स्टँडवर ठेवा, संध्याकाळी आत ढकला, सकाळी बाहेर काढा. दार बंद, काम झालं. दुसरा मार्ग म्हणजे काळं कापड. गांधीबागेत जाड, घट्ट विणीचं काळं कापड मीटरवर मिळतं. बांबूच्या किंवा पीव्हीसी पाइपच्या चौकटीवर ते दुहेरी टाका. कापड झाडाला टेकता कामा नये. बाहेरच्या बाजूला पांढरं किंवा चंदेरी कापड घातलंत तर आत कमी तापतं. तिसरा मार्ग मोठा पुठ्ठ्याचा खोका. फ्रिजचा खोका मिळाला तर नशीबच. पण खोक्यात हवा कोंडते, म्हणून तळाशी दोन बाजूंनी आडवी भोकं पाडून त्यांवर आतून पुठ्ठ्याची झडप लावा, म्हणजे हवा जाईल, उजेड येणार नाही.

पुरेसा अंधार आहे का हे तपासायला यंत्र लागत नाही. रात्री कुंडीजवळ उभं राहून पाच मिनिटं डोळे सरावू द्या. वर्तमानपत्रातली बारीक अक्षरं सहज वाचता आली तर उजेड जास्त आहे. नुसते मथळेच दिसत असतील तरी मी पडदा लावेन. उलट टोकालाही जाऊ नका. पौर्णिमेचं चांदणं, वायफायच्या डब्यावरचा मिणमिणता ठिपका, दाराच्या फटीतून येणारी पुसटशी रेघ यांनी शेवंतीचं काही बिघडत नाही. एखाद्या रात्री पाहुणे आले आणि झाकायचं राहिलं तर आकाश कोसळत नाही. मात्र पहिल्या तीन आठवड्यांत असं वारंवार झालं तर फुलोरा हमखास लांबतो, कळ्याही वेड्यावाकड्या येतात.

ही वेडीवाकडी कळी ओळखता आली पाहिजे. शेंड्यावर एकच कळी येते, पण तिच्याखालची पानं नेहमीसारखी कातरलेली नसून लांबट पट्टीसारखी असतात, आणि कळी आठवडेच्या आठवडे तशीच बसून राहते. अंधार अर्धवट मिळाल्याची ही खूण. अशी कळी खुडून टाका, रात्र नीट बांधा, खालच्या फांद्यांवर नव्याने कळ्या येतील.

कुठवर झाकायचं? कळ्यांच्या टोकाला रंग दिसेपर्यंत. त्यानंतर झाकलं नाही तरी चालतं, आणि कुंडी खुशाल दिवाणखान्यात मांडता येते. दिवाळीच्या माळा लागेपर्यंत ही वेळ आलेली असली म्हणजे बरं.

दिवसाचा उजेड: इथे कंजुषी नको

रात्रीचा उजेड जेवढा घातक, तेवढा दिवसाचा आवश्यक. आपल्या डोळ्यांना लख्ख वाटणारी खोली झाडाच्या हिशेबाने अंधारी असते. ट्यूबलाइटच्या खोलीत टेबलावर दोन-पाचशे लक्स उजेड असतो. भर उन्हात लाखभर. कुंडीतल्या शेवंतीला चांगली फुलं यायला दिवसाचे अकरा तास सुमारे १५ ते २० हजार लक्स हवेत. मोबाइलवर फुकटची लक्समीटर अ‍ॅप मिळतात. ती अचूक नसतात, पण पाचशे आणि पंधरा हजार यांतला फरक नक्की सांगतात.

पूर्वेची किंवा दक्षिणेची गॅलरी असेल तर चार-पाच तासांचं थेट ऊन पुरतं, दिव्याची गरज नाही. ऑक्टोबरनंतर सूर्य दक्षिणेकडे कलतो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन आत खोलवर येतं. हिवाळ्यात तीच सर्वात चांगली जागा. पश्चिमेची गॅलरी सप्टेंबर-ऑक्टोबरात भाजून काढते. तिथे दुपारी तीननंतर हिरवी जाळी लावा. उत्तरेची गॅलरी किंवा आतली खोली असेल तर दिवा लागेलच.

दिवा घेताना जांभळट प्रकाशाचा घेऊ नका. झाडाला तो चालतो, पण त्या उजेडात पानावरची कीड आणि पिवळेपणा तुम्हाला दिसत नाही, आणि नवख्याला तेच दिसणं सगळ्यात गरजेचं आहे. साधा पांढरा, पूर्ण वर्णपटाचा एलईडी घ्या. शेंड्यापासून तो फूटभर वर टांगा आणि अ‍ॅपवर आकडा बघत वर-खाली करा. नंतर शेंड्याच्या उंचीवर तळहात अर्धा मिनिट धरा. हाताला चटका जाणवला तर शेंड्यालाही जाणवतोय. शेवंती फुलोऱ्यात शिरताना एकदम उंच होते, म्हणून दिव्याची साखळी सरकवता येईल अशीच बांधा. कुंडी दर दोन दिवसांनी पाव वळसा फिरवली की झाड एका बाजूला झुकत नाही.

दिव्याला टायमर हवाच. आपल्या भरवशावर राहिलात तर तिसऱ्या दिवशी विसराल. पण चकती फिरणारा साधा टायमर घेतलात तर एक ध्यानात ठेवा: वीज गेली की तो थांबतो, आणि वीज आली की मागच्या वेळेपासून पुढे चालू लागतो. दुपारी तीन तास लाइन गेली तर दिवा तीन तास उशिरा बंद होणार. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या, नाहीतर वीज गेल्यावर चकती पुन्हा जुळवायची सवय लावा.

ऑक्टोबर हीट आणि डिसेंबरचा गारठा

पुण्या-नाशिककडे बसून लिहिलेले सल्ले नागपुरात जसेच्या तसे चालत नाहीत ते इथे. शेवंतीच्या कळीला रात्री १६ ते १८ अंशांच्या आसपासचं तापमान मानवतं. रात्र २५ अंशांच्या वर राहिली की कळ्या रेंगाळतात, फुलोरा आठवडा-दोन आठवडे सहज मागे पडतो. सप्टेंबरमध्ये बाहेर रात्री २३-२४ अंशांपर्यंत उतरत असेल, पण दिवसभर तापलेल्या स्लॅबखालच्या बंद फ्लॅटमध्ये, त्यात काळ्या कापडाखाली, पारा सहज २८ दाखवतो. दसऱ्याची फुलं नवख्यांनी धरू नयेत म्हटलं ते यासाठी.

उपाय आहे. संध्याकाळी सहाला झाकायचंच असेल तर गॅलरीच्या लादीवर आधी पाणी मारा. बाहेर पूर्ण काळोख पडल्यावर, साडेसात-आठला, जागा खरोखर अंधारी असेल तर कापड वर करून टाका आणि पहाटे उजाडण्याआधी पुन्हा सोडा. रस्त्याच्या दिव्यामुळे ते शक्य नसेल तर कापडाच्या खालच्या कडा वीतभर उचलून छोटा पंखा लावा. राजेहो, कूलर मात्र नको. ओली हवा थेट कळ्यांवर गेली की बुरशीला निमंत्रण.

डिसेंबर-जानेवारीत उलट स्थिती. नागपुरात पारा दहाच्या खाली जातो. झाड मरत नाही, पण फुलायचा वेग मंदावतो. त्याचा फायदाच होतो, कारण उमललेली फुलं थंडीत जास्त दिवस टिकतात. पांढऱ्या काही जातींवर थंडीत गुलाबी झाक येते, आणि गुलाबी-जांभळ्या जाती गरमीत फिकट पडतात. ‘नर्सरीत गर्द होती, घरी आल्यावर पांढुरकी झाली’ याचं उत्तर बहुतेक वेळा तापमानातच असतं. विकणाऱ्याने फसवलं असं लगेच धरू नका.

पाणी

कुंडीत विदर्भाची काळी माती असेल तर फुलोऱ्यात ती त्रास देणारच. ओली झाली की चिकट, सुकली की भेगा. आता कुंडी बदलता येत नाही, म्हणून पाण्याची शिस्त पाळा. बोटाचं पहिलं पेर मातीत घाला, कोरडं लागलं तर भरपूर पाणी द्या, तळाच्या भोकातून निघेपर्यंत. बशीत साचलेलं पाणी अर्ध्या तासाने ओतून टाका. रोज कपभर शिंपडणं हा सर्वात वाईट प्रकार. वरचा थर ओला, मुळं तहानलेली.

कळ्या वाटाण्याएवढ्या असताना झाड एकदा जरी पूर्ण कोमेजलं, तरी पुढे फुलं लहान येतात आणि खालची पानं वाळतात. पाणी सकाळी, मातीत, पानांवर नाही. फुलं उमलल्यावर तर एक थेंबही वरून नको.

सोसायटीत बोअरचं पाणी असेल तर कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसायला लागतो. तो क्षारांचा. जमल्यास नळाचं पाणी द्या. नसेल तर तीन-चार आठवड्यांनी एकदा कुंडीच्या मापाच्या दुप्पट नळाचं पाणी सावकाश ओतून माती धुऊन काढा.

खत, आणि ते कधी थांबवायचं

वाढीच्या काळात नत्र, कळ्यांच्या काळात पालाश, रंग दिसला की काही नाही. खताचा भाग एवढाच आहे. तरी कृषी सेवा केंद्रात गेल्यावर गोंधळ होतो म्हणून नावं सांगतो. मोठी रात्र सुरू केल्यावर पहिले दोन-तीन आठवडे १९:१९:१९ द्या. बारीक कळ्या दिसल्या की ०:५२:३४ आणि १३:०:४५ आलटून पालटून. प्रमाण लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आधी साधं पाणी दिलेल्या ओल्या मातीत. पुडीवर शेतासाठीचं प्रमाण लिहिलेलं असतं, ते कुंडीला लावू नका. रासायनिक नको असेल तर मुरलेलं गांडूळखत मूठभर आणि थोडी लाकडाची राख चालते, पण बोअरच्या पाण्याची माती आधीच विम्लधर्मी असते, तिथे राख टाळा.

कळीच्या टोकाला रंग दिसला की खत बंद. त्यानंतरचं खत फुलाला मिळत नाही, पाकळ्या मात्र मऊ होतात आणि फूल लवकर मान टाकतं. युरिया या सगळ्या काळात कपाटात.

कळ्यांची विरळणी आणि आधार

हे काम करताना जिवावर येतं, पण फूल कसं येणार ते इथे ठरतं. कळ्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या झाल्या की बसा. मोठ्या फुलांची जात असेल तर प्रत्येक फांदीच्या टोकाची मधली कळी ठेवा आणि तिच्याखालच्या बगलेतल्या सगळ्या कळ्या अंगठ्याने बाजूला लोटून काढा. झुपक्याची जात असेल तर नेमकं उलट: मधली एकच कळी काढा, बाजूच्या ठेवा. मधली सर्वात आधी फुलते आणि बाकीच्या फुलेपर्यंत ती काळवंडते. ती काढली की सगळा झुपका एकसारखा उमलतो. जात माहीत नसेल तर अर्ध्या फांद्यांवर एक पद्धत, अर्ध्यांवर दुसरी. झिपरी, रेवडी यांसारख्या हार-गजऱ्याच्या बाजारी जातींवर असा वेळ घालवू नका, त्यांना मोकळं सोडा. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने काही बुटक्या जाती काढल्या आहेत, त्यांना खुडणीही लागत नाही आणि आधारही. नर्सरीत विचारून मिळाल्या तर पहिल्या वर्षी त्याच घ्या.

आधार कळ्या जड होण्याआधी द्यायचा. बांबूच्या काड्या मिळतात, पण गावाकडून तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, आणता आल्या तर त्यांच्यासारखं काही नाही: हलक्या, सरळ, फुकट. पऱ्हाटी (कपाशीची वाळकी काडी) टाळा, तिच्या सालीत पिठ्या ढेकूण घरात येऊ शकतो. काडी कुंडीच्या कडेने रोवा आणि सुतळीने आठच्या आकड्यासारखा सैल फास द्या.

आणि हो, नर्सरीतून आणलेलं बुटकं, गोल गरगरीत झाड पुढच्या वर्षी तुमच्याकडे दीड-दोन फूट उंच झालं तर घाबरू नका. बऱ्याचदा ते वाढ रोखणारं औषध देऊन बुटकं ठेवलेलं असतं.

कीड आणि बुरशी

घरात पाऊस नाही, वारा नाही, किडीला खाणारे ढालकिडे नाहीत. म्हणून एकदा शिरलेली कीड घरात झपाट्याने वाढते. आठवड्यातून दोनदा पानं उलटी करून पाहा. दिवसा, पांढऱ्या उजेडात.

मावा शेंड्यावर आणि कळ्यांच्या देठांवर गर्दी करतो, काळा किंवा हिरवा. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने अर्धं काम होतं, उरलेलं लिटरभर पाण्यात तीन ते पाच मिली निंबोळी तेल आणि द्रव साबणाचे थेंब घालून. फवारणी भल्या सकाळी, दिवा लागण्याआधी. पंखा सुरू ठेवा म्हणजे पानं लवकर सुकतील. कळ्यांना रंग येईपर्यंतच तेल वापरा, पाकळ्यांवर त्याचे डाग पडतात.

फुलकिडे दिसत नाहीत, त्यांचं काम दिसतं: पाकळ्यांवर पांढुरके-तपकिरी ओरखडे. फुलावर पांढरा कागद धरून टिचकी मारा. बारीक, लांबट, चालणारे कण पडले तर तेच. निळे चिकट सापळे कुंडीशेजारी लावा आणि खराब फुलं पिशवीत बांधून घराबाहेर न्या. लाल कोळी नोव्हेंबरपासून, हवा कोरडी झाली की येतो. पानांवर बारीक फिकट ठिपके, खालून नाजूक जाळी. कळ्या उघडलेल्या नसतील तर पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचे फवारे दोन-तीन दिवसांआड मारा. पानात पांढऱ्या नागमोडी रेषा दिसल्या तर ती नागअळी, ते पान तोडून टाका, एवढं पुरतं.

बुरशीत भुरी सर्वात नेहमीची. पानांवर पांढरी पूड दिसली की पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला दोन ग्रॅम. पण दिवसा ३० अंशांच्या वर तापमान असेल तर नको, आणि निंबोळी तेल मारल्यावर किमान दोन आठवडे नको. दोन्हींमुळे पानं करपतात. फुलावर करडी, धुरकट लव दिसली आणि पाकळ्या तपकिरी होऊन कुजायला लागल्या तर ती करडी बुरशी. तिच्यावर औषध शोधत बसू नका. ते फूल देठासकट कापा, कुंड्यांमध्ये हातभर अंतर ठेवा आणि हवा खेळती करा. पंख्याची झुळूक झाडावर थेट नको, भिंतीवर आपटून यावी.

खालची पानं काळे ठिपके पडून वाळत असतील तर ती काढून जमिनीपासून चार-पाच इंच खोड मोकळं ठेवा. जवळपास प्रत्येक शेवंतीला हे होतं.

घरातली माणसं आणि मांजर

शेवंतीच्या पानांच्या रसाने काहींच्या हाताला खाज सुटते, पुरळ येतं. विरळणी करताना हातमोजे घाला. मांजर-कुत्र्यांसाठी ही पानं-फुलं विषारी असतात. चघळली तर उलट्या, लाळ गळणं असे त्रास होतात. मांजर असेल तर कुंडी उंचावर नाही, बंद दाराआड. मांजराला उंची अडवत नाही. आणि शेवंतीचा चहा वाचून कुणी कुंडीतली फुलं उकळायला घेत असेल तर थांबवा. नर्सरीतल्या झाडावर काय काय फवारलं गेलंय ते तुम्हाला माहीत नसतं.

फुलं उतरल्यावर

सुकलेली फुलं देठाच्या पहिल्या पानापर्यंत कापत राहा, मागच्या कळ्यांना जागा मिळते. सगळा बहर संपला की झाड चार ते सहा इंचांवर छाटा. पाणी कमी करा. पंधरा-वीस दिवसांत बुंध्याशी फुटवे येतील आणि तेच पुढच्या वर्षीची झाडं. मार्चपर्यंत ते मुळांसकट वेगळे करून लहान कुंड्यांत लावा.

फुटव्यांना आता मोठा दिवस हवा, नाहीतर ती बोटभर रोपटी लगेच कळी धरतात. फेब्रुवारीत दिवस अजून लहान असतो, म्हणून रात्री दहा ते दोन त्यांच्यावर साधा एलईडी बल्ब लावा. एप्रिलपासून त्याची गरज उरत नाही. तेव्हा प्रश्न उन्हाचा असतो. एप्रिल-मेमध्ये, विशेषतः मेअखेरच्या नवतपाच्या कडक उन्हात, ही रोपं पूर्वेच्या खिडकीच्या आत, सकाळच्या दोन तासांच्या उन्हात ठेवा, माती पालापाचोळ्याने झाका आणि खत अजिबात देऊ नका. त्या दिवसांत ती वाढणार नाहीत, नुसती जगली तरी पुरे. मृगाच्या पहिल्या सरींनंतर त्यांना गॅलरीत काढा, पहिला शेंडा खुडा आणि १९:१९:१९ पुन्हा सुरू करा.